निंबोळीचा युरिया : पैसाही वाचवा, पाणीही वाचवा



आपल्यापैकी पुष्कळजण शहरात राबतात. पण गावी भावाच्या नाहीतर आईच्या हाती एखादा-दीड एकर तुकडा असतो. पेरणी जवळ आली की येथून खताला पैसे जातात. घामाच्या त्या पैशाचे शेतात काय होते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत शेकडा ४६ प्रमाणे सुमारे २०.७ किलो नत्र असते. ते सगळे पिकाला मिळत नाही. भाताला तर बहुधा निम्म्याहूनही कमी लागू पडते. युरिया ओल्या मातीत विरघळला की त्याचे अमोनियम होते. ते मातीला धरून राहते. परंतु मातीतले सूक्ष्म जंतू थोड्याच दिवसांत त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीत ठरत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खाली झिरपते; पाणी साचले तर त्यातले काही वायू होऊन उडून जाते.

झिरपलेले नायट्रेट विहिरीतही उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. अशा पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधाने तान्हे बाळ निळे पडू शकते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, हे मायबहिणींनी ध्यानात ठेवावे.

यावर आपल्या दारचा कडुनिंब उपयोगी पडतो. निंबोळीतील द्रव्ये त्या जंतूंचे काम मंदावतात, म्हणून नत्र मुळाशी जास्त दिवस टिकते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. राजेंद्र प्रसाद व सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षे प्रयोग केले. २०१५ साली सरकारने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला. तेव्हा ‘खास लेपाचा’ म्हणून कोणी छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, तर देऊ नका.

मात्र लेप आहे म्हणून मूठ सैल सोडून चालणार नाही. देशात २०१५-१६ मध्ये सुमारे ३०६ लाख टन युरिया वापरला गेला; २०२३-२४ मध्ये तो सुमारे ३५७ लाख टनांवर गेला. खत सुधारले, पण हाताची सवय सुधारली नाही. जास्त युरियाने पीक हिरवेगार दिसते. पण ते लोळते आणि त्यावर कीडही वाढते.

म्हणून गावी पैसे पाठवाल तेव्हा एवढे जरूर कळवा : माती तपासून घ्या आणि शिफारशीइतकाच युरिया द्या. तो एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या. आभाळ भरून आले असेल तर त्या दिवशी थांबा. भातखाचरातले पाणी काढून युरिया चिखलात मिसळा, आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा भरा.

पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसांच्या हाती आलेली ही जमीन आहे. तिच्यात टाकलेला प्रत्येक रुपया पिकालाच लागला पाहिजे.