सही झाली, पण काम आलं का?

‘लीडर’ म्हटलं की आपल्याला स्टेजवरचा माईकवाला आठवतो, नाहीतर केबिनमधला साहेब. कंपनीत लोकांना काम शिकवणारा ट्रेनर कुणाच्या डोळ्यासमोर येतच नाही. माझ्या मते नेतृत्वाचा खरा कस त्याचाच लागतो.

आपलाच जिल्हा बघा. गडेगावला अशोक लेलँड, वरठीला सनफ्लॅग, जवाहरनगरला आयुध निर्माणी, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. यातलं कुठलंच काम ‘बघून बघून येईल’ म्हणून भागणारं नाही. खाणीत नव्या माणसाला आधी प्रशिक्षण द्यायचं, हे 1966 च्या नियमांनीच बंधनकारक केलंय. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावे लागतात.

पण कायदा फार तर वर्ग भरवेल. हातात काम उतरवणार कोण? हजेरीपटावर सही, चहा-बिस्कीट, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. झाली ट्रेनिंग! सोमवारी तोच पोरगा मशीनपुढे गोंधळून उभा असतो, आणि विचारायलाही लाजतो.

इथे ट्रेनरचं पाणी कळतं. पगारवाढ त्याच्या हातात नाही, बदली त्याच्या हातात नाही. त्याच्याजवळ असतं फक्त शब्दाचं वजन, आणि ते कमवावं लागतं. वर्ग सोडून शॉप फ्लोअरवर जावं लागतं. जुन्या कामगाराला ‘काका, तुम्ही हे कसं करता?’ असं विचारावं लागतं. आणि टार्गेटची घाई चालू असताना साहेबांना तोंडावर सांगावं लागतं, ‘सर, हा मुलगा अजून तयार नाही. चार दिवस द्या.’ याला हिंमत लागते. कारण उत्पादन अडलं तर सगळ्यांना दिसतं. टळलेला अपघात कुणालाच दिसत नाही.

काही जण म्हणतात, शिकवून काय फायदा, पोरं शिकतात आणि पुण्याला पळतात. पळतात, खरंय. पण अर्धवट शिकलेला इथेच राहिला, तर धोका त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यालाही असतो.

तेव्हा मित्रांनो, उद्या इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगारासोबत एवढंही विचारा, ‘पहिला महिना मला कोण शिकवणार?’ आणि एचआरमध्ये एमबीए करत असाल, तर पीपीटी बनवण्याआधी एक नाईट शिफ्ट मशीनजवळ उभं राहून काढा.