बदनाम मेमरी कार्डाची बाजू

फोनमध्ये १२८ किंवा २५६ जीबीचं कार्ड घातलं की फोन रखडायला लागतो आणि एक दिवस सगळे फोटो गायब होतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस प्रत्येक कुटुंबात एक तरी असतो. बडोद्यात तो बहुधा मरीमातेच्या खांच्यात फेरी मारून आलेला असतो. रावपुऱ्याजवळचा हा बोळ म्हणजे शहराचा मोबाईलबाजार. काच बदलायला, कव्हर घ्यायला, बंद पडलेला फोन दाखवायला सगळं शहर तिथे जातं. कुठल्याही शहरातल्या अशा बाजारात काउंटरपलीकडून आलेला शब्द गिऱ्हाईक प्रमाण मानून घरी नेतं. ‘कार्ड मोठं आहे, काढून टाका’ हा त्यातलाच एक.

या सल्ल्याच्या पाठीशी मोठी माणसं उभी आहेत, हे आधी मान्य करायला हवं. शाओमीचे तेव्हाचे उपाध्यक्ष ह्यूगो बारा यांनी २०१५ साली सांगितलं होतं की वेगवान फोनमध्ये कार्डाची खाच ठेवायला कंपनीचा तत्त्वतः विरोध आहे. लोक नकली कार्डं घालतात, फोन अडखळतो आणि बोल कंपनीला लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस६ मधून खाच काढली. आयफोनने तर ती कधी ठेवलीच नव्हती.

पण पुढचं वर्षही पाहा. २०१६ मध्ये सॅमसंगने एस७ ला खाच परत दिली, आणि २०२१ च्या एस२१ पासून पुन्हा काढून घेतली. शाओमीने २०१६ मध्येच भारतात रेडमी नोट ३ आणला, त्यात कार्डाची सोय होती. म्हणजे तत्त्व महागड्या फोनपुरतं! दुबळ्या प्रोसेसरच्या फोनला कार्ड झेपतं आणि दमदार फोनला झेपत नाही, हे कुठल्या तर्कात बसवायचं? फोनच्या पोटात जागा कमी असते, हे कंपन्यांचं कारण खोटं नाही. पण खाच नसली की गिऱ्हाईक जास्त साठवणीचा महाग फोन घेतं किंवा क्लाउडची वर्गणी भरू लागतं, हेही तितकंच खरं. ते मात्र जाहीर भाषणात येत नाही.

आता मुख्य आरोप, मंद गतीचा. फोनमधली बहुतेक कार्डं ज्या यूएचएस-१ मार्गाने जोडली जातात, त्याची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. चांगल्या फोनची आतली यूएफएस ३.१ साठवण सेकंदाला २,००० एमबीच्या आसपास वाचते. तफावत वीसपटीची, ती नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की कार्डाकडून काम कोणतं घ्यायचं. फोर-के चित्रण एका मिनिटाला साधारण ३५० एमबी खातं, म्हणजे सेकंदाला सहा एमबी. ज्या कार्डावर व्ही३० असा शिक्का असतो, ते सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी देतं. गरजेच्या पाचपट. नवरात्रात बडोद्याच्या एखाद्या मोठ्या मैदानावर रात्रभर गरबा टिपला तरी असं कार्ड अडणार नाही.

अडतं ते दुसरीकडे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने कार्डालाच फोनची आतली साठवण म्हणून वापरण्याची मुभा दिली. लोकांनी हौसेने ॲप कार्डावर हलवली. ॲपचं वाचन-लेखन सलग नसतं. इथला एक तुकडा, तिथला एक, असं सेकंदाला शेकडो वेळा चालतं. त्यासाठी कार्डांवर ए१ आणि ए२ अशा वेगळ्या खुणा आल्या. ए१ म्हणजे अशी १,५०० वाचनं आणि ५०० लेखनं दर सेकंदाला. साधी खुणेविना कार्डं यात हमखास मार खातात. शिवाय अशा रीतीने जोडलेलं कार्ड कूटबद्ध होऊन त्याच एका फोनला बांधलं जातं; काढून दुसरीकडे घातलं तर वाचता येत नाही. फोन रखडला तो या वापराने. तिथे ३२ जीबीचं कार्ड असतं तरी तो तितकाच रखडला असता.

‘आमचा फोन ३२ पर्यंतच घेतो’ हा आणखी एक हुकमी मुद्दा. त्याला इतिहास आहे. एसडीएचसी हे मानक २००६ साली आलं, त्याची मर्यादा ३२ जीबी आणि फाईलपद्धत फॅट३२. २००९ च्या एसडीएक्ससी मानकाने ती मर्यादा २ टीबीवर नेली आणि एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टची पद्धत लावली. तिचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे असल्याने स्वस्त फोनांचे निर्माते तिच्या वाटेला जात नसत. खोक्यावर ३२ छापलं जायचं ते अनेकदा या कारणाने. तशा बऱ्याच फोनमध्ये ६४ चं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की मुकाट चालायचं. मात्र ४ जीबीहून मोठी एक फाईल त्यात मावत नसे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला. आजच्या स्वस्त फोनांच्या माहितीपत्रकात एक टीबीपर्यंतचे आकडे सहज दिसतात, आणि सल्ला अजून ३२ वरच अडलेला आहे.

मोठं कार्ड लवकर झिजतं, असंही म्हणतात. हे तर उलटंच आहे. फ्लॅश चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, म्हणून कार्डातला नियंत्रक लेखन सगळ्या कप्प्यांवर वाटून देतो. कप्पे जास्त, तर प्रत्येकाच्या वाट्याला घासणी कमी. एकाच दर्जाच्या दोन कार्डांवर रोज तेवढंच लिहिलं, तर २५६ चं कार्ड ३२ च्या आधी झिजण्याचं कारण नाही.

मग फोटो गायब होतात ते कुठे जातात? इथे ह्यूगो बारा यांचा मुद्दा बिनशर्त मान्य आहे: नकली कार्डं. नखाएवढ्या त्या तुकड्यात चिपबरोबर एक छोटा संगणकच बसवलेला असतो. हार्डवेअर हॅकर अँड्र्यू ‘बनी’ ह्वांग आणि त्यांचे सहकारी शॉन क्रॉस यांनी २०१३ च्या अखेरीस हॅम्बुर्गच्या परिषदेत या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून दाखवला होता. नकली माल बनवणारे हेच करतात. १६ जीबीच्या चिपला ‘मी २५६ आहे’ असं बोलायला शिकवतात. फोन त्यावर विश्वास ठेवतो. पहिले १६ जीबी सुरळीत जातात, पुढचं हवेत तरी विरतं किंवा आधीच्या फोटोंवर तरी लिहिलं जातं. फोटोंची नावं दिसतात, चित्र उघडत नाही. ‘मोठं कार्ड फोटो खातं’ या समजुतीतला बराच भाग या बनावट मालाने पिकवला. शिक्षा मात्र अस्सल मोठ्या कार्डाला. नकली नोट सापडली म्हणून कोणी पाचशेची नोट वापरणं सोडलेलं नाही.

उरतो शहाण्यांचा आक्षेप: सगळं एकाच कार्डात, ते गेलं की सगळं गेलं. आक्षेप रास्त आहे, पण तो फोनच्या साठवणीलाही लागू आहे, हार्ड डिस्कलाही आणि कागदी अल्बमलाही. मुद्दा एकुलत्या प्रतीचा आहे. हे निदान बडोद्याला तरी समजावून सांगावं लागू नये. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत छापली, ती देशभरच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांची ताडपडताळणी करून. एका पोथीला वाळवी लागली तरी दुसरी मलबारात किंवा नेपाळात शाबूत होती. चौसष्टची चार कार्डं घेऊन वर्षांचे फोटो विभागून ठेवणारे याच्या नेमकं उलट वागतात: प्रत्येक फोटोची प्रत एकच राहते, आणि हरवण्याजोग्या वस्तू चार होतात.

‘क्लाउड आहे ना’, असं तरुण पिढी म्हणते. गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी, पुढे वर्गणी. आणि रोज दोन जीबीच्या रिचार्जवर शंभर जीबीचं चित्रण वर चढवायचं, तर पन्नास दिवस दुसऱ्या कशाला इंटरनेट वापरता येणार नाही! ज्यांच्या घरी तारेचं वेगवान इंटरनेट आहे त्यांनी क्लाउड जरूर ठेवावा, पण दुसरी प्रत म्हणून. पहिली प्रत स्वतःच्या हातात असावी.

ती कार्डात का असावी, याचं उत्तर बडोद्याच्या विश्वामित्री नदीने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलं. समा, अकोटा, फतेगंज भागांत घराघरांत पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेल्या फोनचा बोर्ड गेला, की आतले फोटोही गेल्यात जमा. गेल्या काही वर्षांतल्या फोनांची आतली साठवण कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डावर असते. बोर्ड जिवंत झाल्याखेरीज चिप काढूनही हाती काही लागत नाही. नामांकित कंपन्या आपलं कार्ड एक मीटर खोल पाण्यात ७२ तास टिकतं, असा दावा करतात. दाव्यात थोडी अतिशयोक्ती धरली, तरी साधं जोडलेलं कार्ड काढून, नीट वाळवून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहता तरी येतं.

याच सोयीची दुसरी बाजू म्हणजे हरवलेलं कार्ड कोणालाही वाचता येतं. म्हणून आधारची चित्रं, बँकेची कागदपत्रं, घरातले खाजगी फोटो फोनच्या आत. गरबा, गौरी-गणपती, मुंजी, सहली, गाण्यांचा साठा कार्डात. ॲप कार्डावर अजिबात नकोत. इतकं पाळलं तर २५६ जीबीचं कार्ड हा बहुतेक घरांसाठी जास्त साठवणीच्या फोनपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचा सौदा ठरतो.

बिल घेऊन कार्ड विकत घ्यावं. परत करण्याची मुदत संपण्याआधी ते एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने काठोकाठ भरून तपासावं. नकली असेल तर तिथेच उघडं पडतं. मग ते फोनमध्येच फॉरमॅट करावं आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याची एक प्रत घरच्या डिस्कवर उतरवावी. फोनच बदलायचा असेल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी दुकानदाराकडून ट्रे बाहेर काढून घ्यावा आणि दोन सिमांबरोबर कार्ड बसतं, की कार्डापायी एक सिम सोडावं लागतं, ते डोळ्यांनी पाहावं.