ढोली बुजवून झाड वाचत नाही

जुन्या वडाला किंवा चिंचेला ढोली दिसली की ती खरवडायची, विटांचे तुकडे आणि सिमेंट ठासायचे, वरून गिलावा मारायचा, ही रीत अजून गेलेली नाही. किडका दात साफ करून भरतात तसेच हे, अशी त्यामागची समजूत. ती अडाणीपणातून आलेली नाही. अमेरिकेत ओहायोतल्या जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये झाडांच्या उपचारांवर पुस्तक लिहिले आणि पुढची कित्येक दशके ढोलीत काँक्रीट भरणे हे तिथल्या जाणकारांचे खास कसब मानले गेले. पण दात वाऱ्यात डोलत नाही आणि वर्षागणिक जाडही होत नाही. झाड दोन्ही करते.

वाऱ्याने खोड वाकते, आतला भराव वाकत नाही. दोहोंमध्ये फट पडते, तिच्यातून पावसाचे पाणी उतरते आणि वारा लागत नसल्याने तिथेच मुरते. कुजवणाऱ्या बुरशीला आणखी काय हवे? त्याहून मोठे नुकसान भरण्याआधीच्या साफसफाईत होते. अमेरिकी वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे चिरून दाखवले की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही; त्याच्याभोवती भिंत उभारून त्याला कोंडते. ‘कुजके सगळे काढा’ म्हणत पटाशी निरोगी लाकडापर्यंत नेली की नेमकी ती भिंत फुटते आणि तोवर अडलेली कूज ताज्या लाकडात शिरते. म्हणजे काम जितके ‘नीट’, तितका घात मोठा.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षेचा: पोकळ झाड पावसाळ्यात कोणाच्या अंगावर पडले तर? भीती खरी आहे, उपाय खोटा आहे. खोडाचा ताठपणा मुख्यतः बाहेरच्या कड्यात असतो. गोल खोडाचा सत्तर टक्के व्यासापर्यंतचा गाभा गेला, तरी कडे सलग असेल तर गणिताने सुमारे तीन चतुर्थांश ताठपणा उरतो. कडे एका बाजूने फाटलेले असेल तर मात्र धोका वाढतो, आणि तो काँक्रीटने कमी होत नाही, कारण काँक्रीट लाकडाला धरत नाही. ओझे तेवढे वाढते: अर्धा मीटर रुंद, दोन मीटर उंच ढोलीत नऊशे किलोंहून जास्त माल बसतो. शिवाय गिलाव्याआड कूज किती पसरली हे तपासनिसाला दिसत नाही, हातोडीने ठोकून आवाजावरून अंदाज घ्यायची सोयही जाते. झाड खरोखर धोकादायक असेल तर फांद्यांचा भार जाणकाराकडून हलका करून घ्यावा, टेकू द्यावा, वेळ आलीच तर ते उतरवावे. बुंध्याशी फरशी आणि डांबर घालून मुळे गुदमरवायची आणि वर खोडात सिमेंट भरून काळजी दाखवायची, हा तर विनोदच.

डासांचा मुद्दा अधिक वजनदार आहे. वरच्या बाजूला उघड्या ढोलीत पाणी साचते आणि त्यात एडिस डास वाढतात. तिथे वाळू भरून पाण्याला जागा न ठेवणे रास्त आहे. मात्र तो माणसाच्या आरोग्याचा उपाय, झाडावरचा उपचार नव्हे. उभ्या, कोरड्या ढोलीला तो लागू नाही. तिथे पिंगळा, पोपट, राखी धनेश राहतात, आणि शहरात त्यांना दुसरी घरे कुठे आहेत? कचरा टाकून कोणी आत जाळ करू नये म्हणून तोंडाला जाळी लावायची असेल, तर पक्ष्यांपुरती वाट ठेवून ती लावता येते.

आधीच भरलेल्या झाडांचे काय? भराव सैल होऊन आपोआप सुटत असेल तर काढावा. खोडाने कडेने वाढून तो गिळला असेल तर उकरण्याच्या नादात नवी जखम करू नये. त्याची नोंद मात्र ठेवावी. असे झाड कधी तोडावे लागले, तर आत काँक्रीट आहे हे चेनसॉ चालवणाऱ्याला आधी सांगितलेले असले पाहिजे. साखळी त्यावर आदळली की करवत उसळते किंवा साखळी तुटते, आणि ती त्याच्या हातातच असते.