व्हायोलिनला वयाची अट नाही, गुरूची आहे

‘व्हायोलिन शिकायचं तर पाचव्या-सहाव्या वर्षी, पुढे हात वळत नाही.’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठामपणे बोललं जातं, की पन्नाशीतला माणूस वाद्यांच्या दुकानाच्या पायरीवरूनच मागे फिरतो. याच्या जोडीला दुसरं वाक्य तयार असतं : ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं, शिकवणीला पैसे कशाला घालायचे?’ पहिलं वाक्य मोठ्यांना वाद्यापासून तोडतं, दुसरं लहानथोर सगळ्यांनाच गुरूपासून तोडतं. माझ्या मते दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. व्हायोलिन कोणत्याही वयात शिकता येतं. पण ते समोर बसलेल्या गुरूकडूनच शिकावं लागतं.

वयाचा मुद्दा मांडणारे बहुतेक वेळा शिनिची सुझुकी यांचा दाखला देतात. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात छोटी व्हायोलिन देणारी त्यांची पद्धत आज जगभर चालते. पण खुद्द सुझुकींनी व्हायोलिन कधी हातात घेतलं? वडिलांचा नागोया शहरात व्हायोलिनचा कारखाना होता, घरात वाद्यांचा राबता होता, तरी १८९८ साली जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षापर्यंत वाजवायला शिकला नव्हता. व्हायोलिनवादक मिशा एलमन यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि मग त्यांनी वाद्य उचललं. सुरुवातीला ऐकून ऐकून स्वतःच वाजवून पाहिलं. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा शिक्षक गाठला आणि पुढे बर्लिनला जाऊन कार्ल क्लिंगलर यांच्याकडे धडे घेतले. शिवाय त्यांच्या पद्धतीतला एक नियम आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मुलाच्या आधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी एक धून वाजवायला शिकायची असते. म्हणजे बालशिक्षणाची ही सर्वांत गाजलेली पद्धतसुद्धा सुरू होते ती एका प्रौढ विद्यार्थ्यापासून.

दुसरा दाखला मुंबईचा. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. शहरात त्यांचं नाव होतं. तरीही १९४५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, संसार मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलॅमियन यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून उभे राहिले. त्यांचा मुलगा झुबिन तेव्हा नऊ वर्षांचा होता. ज्याला वाजवता येत होतं त्यालाही सदतिसाव्या वर्षी गुरूची गरज वाटली आणि त्या वयात नवं शिकणं त्याला जमलं.

आता ‘दहा हजार तासां’चा हिशेब. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पश्चिम बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा रियाज विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या घरात गेला होता. या सरासरीचा लोकांनी नियम करून टाकला. हे संशोधकांना मान्य नव्हतं. एरिक्सन यांनी ते पुढे स्पष्ट सांगितलंही. मुळात तो अभ्यास मैफलीच्या व्यासपीठाकडे निघालेल्या मुलांचा होता. तिथवर जायचं असेल तर लवकर सुरुवात करावी लागते, हे मला मान्य आहे. पण संध्याकाळी घरी बसून यमन वाजवू पाहणाऱ्या माणसाला ते माप कशाला? आणि त्या अभ्यासाचा खरा गाभा तासांची संख्या नव्हताच. शिक्षकाने नेमून दिलेला, चूक हेरून ती दुरुस्त करणारा रियाज हा त्याचा गाभा होता. म्हणजे तो दाखला शिकवणीच्याच बाजूने उभा राहतो.

प्रौढाचा खांदा आखडलेला असतो, अंगठा ताठ असतो, मूल जे आठवड्यात उचलतं त्याला महिना लागतो. हे खरं आहे. पण प्रौढ रिकाम्या हातांनी येत नाही. चाळीस वर्षं ऐकलेले अभंग, नाट्यपदं, भावगीतं त्याच्या कानात मुरलेली असतात. गंधार उतरला तर तो का बोचतो हे त्याला सांगता येणार नाही, पण बोचतो हे त्याला तत्क्षणी कळतं. लहान मुलाचा हा कान घडवण्यात वर्षं जातात. कान पुढे आणि बोट मागे, एवढीच मोठ्यांची अडचण असते, आणि ते अंतर कमी करण्यासाठीच शिक्षक असतो.

आता मोबाइलचा मुद्दा. व्हायोलिनला पडदे नसतात. तारेचा वाजणारा भाग साधारण साडेबत्तीस सेंटिमीटरचा. पट्टीच्या वरच्या टोकाशी बोट चार मिलिमीटर सरकलं की जवळपास एका श्रुतीचा फरक पडतो. तारेच्या मध्यावर तेवढ्याच फरकाला दोनच मिलिमीटर पुरतात. सूर उतरला हे मोबाइलमधला ट्यूनर दाखवतो. का उतरला ते तो दाखवत नाही. पंचावन्न वर्षांच्या विद्यार्थिनीची करंगळी दर वेळी सुराच्या अलीकडेच पडते. ती बोट ताणते, मनगट वाकवते, सूर तरी उतरलेलाच. शिक्षक बोटाला हातही लावत नाही. तो तिचं डावं कोपर दोन बोटं आत, वाद्याच्या पोटाखाली सरकवतो. करंगळी आपोआप जागेवर येते. दोष बोटात नव्हताच, कोपरात होता. सुराचा काटा पाहत बसलेल्या माणसाला हे वर्षभर कळलं नसतं, आणि मनगट दुखायला लागलं असतं ते वेगळंच.

गजाचंही तसंच. नवा विद्यार्थी गज मुठीत आवळतो आणि तार किरकिरते. आवाज वाढवायला तो आणखी दाबतो. किरकिर आणखी वाढते. शेजारी बसलेला गुरू गजाच्या टोकाला नुसती तर्जनी लावून त्याचा वेग सांभाळतो, ‘दाबू नका, ओढा’ एवढंच म्हणतो, आणि मोकळी तार पहिल्यांदा भरून वाजते. आपल्या बैठकीत तर मांडी, उजव्या पावलावर टेकलेलं वाद्याचं टोक आणि छाती या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. तो बसला नाही की मींड घेताना वाद्यच हलतं. हे सगळं डोळ्याने पाहून आणि हाताने दुरुस्त करून शिकवायचं असतं. पडद्यावरचा माणूस दाखवतो. तो तुमच्याकडे पाहत नसतो. जिथे शिक्षकच नाही अशा तालुक्याच्या गावी किंवा परदेशी राहणाऱ्याने ऑनलाइन शिकवणी जरूर घ्यावी. पण तिथे आवाज मागे-पुढे होतो, गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही. म्हणून अधूनमधून तरी गुरूसमोर बसायला हवं.

तिसरा आक्षेप असा, की हे परकं वाद्य, ते आपल्याला कशाला हवं? मद्रासमध्ये बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) युरोपीय वादकाकडे शिकले आणि व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजलं. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, गोव्याचे श्रीधर पार्सेकर यांनी ते रागसंगीतात आणलं. ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी घेऊन एन. राजम यांनी त्या तारांना गळा दिला. सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाच्या कार्यक्रमांत प्रभाकर जोगांचं व्हायोलिन घरोघरी ओळखीचं झालं. गोव्यात मांडो हा गीतप्रकार व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीनेच रंगतो. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते; संगीत घरातूनच मिळालेल्या या मुलाने पुढे मुंबईत संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव अमर केलं. या सगळ्या परंपरेत व्हायोलिन एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे, समोरासमोर बसून गेलेलं आहे.

म्हणूनच शिकवणीच्या नावाखाली जी गर्दी भरते तिचंही मी समर्थन करणार नाही. तासाभराच्या वर्गात पंधरा मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. चार मिनिटांत कोपर दिसत नाही. परीक्षेची चार गाणी घोटून घेणं म्हणजेही शिकवणं नव्हे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद परीक्षा किंवा पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा ज्याला द्यायच्या त्याने द्याव्यात. त्या वाटेवरचे मैलाचे दगड आहेत, मुक्काम नव्हेत. मोठ्या माणसाला ‘हौशी’ म्हणून मागे बसवणारे शिक्षकही या वाद्याचं नुकसानच करतात.

चांगली शिकवणी साधी असते. मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे पाव, अर्धं किंवा पाऊण मापाचं व्हायोलिन. मोठं वाद्य ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून कधीच नाही. लहानाला आठवड्यातून अर्धा तास, मोठ्याला पाऊण तास ते तास. रोज वीस-तीस मिनिटांचा रियाज. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. पहिल्याच भेटीत गुरूने विचारावं, ‘तुम्हाला काय वाजवायचंय?’ कुणाला भूप, कुणाला बाख, कुणाला गोव्याची दुलपदं, कुणाला आईच्या आवडीचं एखादं भावगीत. पाया एकच आहे, वाट ज्याची त्याची.

आई-वडिलांना माझं सांगणं आहे, मुलाला वर्गात सोडून बाहेर मोबाइल पाहत बसू नका. आत बसा, जमलं तर स्वतःही वाद्य हातात घ्या. शिक्षकांना विनंती, साठीचा विद्यार्थी आला तर त्याचं वय विचारू नका, त्याचं कोपर पाहा. आणि मागे फिरलेल्या त्या पन्नाशीतल्या वाचकाला सांगतो, उशीर झालेला नाही. वाद्य विकत घेण्याआधी शिक्षक शोधा, त्याच्या सल्ल्याने व्हायोलिन घ्या आणि या आठवड्यातच पहिला धडा ठरवा.