हाती आलेले काम

नोकरीत रुजू होऊन तीन-चार वर्षे झालेल्या तरुणांची जी पत्रे या स्तंभाकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांत एकच व्यथा निरनिराळ्या शब्दांत मांडलेली असते, ती ही की, वेतन बरे आहे, वरिष्ठही वाईट नाहीत, परंतु ज्या कामावर नेमणूक झाली ते मनाजोगते नाही. आवड मनात आधीच सिद्ध असते आणि तिला साजेशी जागा तेवढी हुडकावयाची असते, असे ही मंडळी गृहीत धरतात. मला ते मान्य नाही. पुष्कळांच्या बाबतीत आवड ही हाती आलेल्या कामातूनच, ते एका विशिष्ट रीतीने केले असता, उत्पन्न होते.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत शिरले, तेव्हा त्यांना कोणी इतिहास लिहावयास सांगितलेले नव्हते. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावेत, राजपुत्रांना शिकवावे, हुकूम होईल तेव्हा प्रवासात बरोबर जावे, असे त्या चाकरीचे स्वरूप होते. शिकविण्यासाठी काढलेली टिपणे एरवी धडा संपताच रद्दीत गेली असती. परंतु सरदेसायांनी ती जपली, विषयवार लावली, जेथे दुवा तुटलेला दिसला तेथे आणखी वाचन केले, आणि त्यांतूनच १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’ प्रसिद्ध होऊ लागली. १९२५ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ते सेवानिवृत्त झाले. आणि त्यानंतर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, वेचे निवडून १९३० ते १९३४ या अल्प काळात त्यांनी पंचेचाळीस खंड संपादिले. दरबारच्या नोकरीत जडलेली टिपणाची सवय नसती, तर हे प्रचंड कार्य त्या वयात कोणाच्याही हातून झाले नसते.

सरदेसायांची विद्वत्ता सर्वांना साधणार नाही, पण ही सवय साधेल. तहसील कचेरीत फेरफाराच्या नोंदी पाहणाऱ्या कारकुनाने कोणत्या प्रकारच्या नोंदींवर वारंवार हरकती येतात व त्यांचे मूळ कशात असते, हे रोज चार ओळींत टिपून ठेवले, तर वर्षाअखेरीस त्या कचेरीत इतर कोणापाशी नाही असे ज्ञान त्याच्यापाशी असेल. अडलेले प्रकरण घेऊन सहकारी त्याच्या मेजाशी येऊ लागतील, आणि तेथून कामाचा रंग पालटू लागेल. बढती यामुळे मिळेलच, अशी हमी मी देत नाही. ज्येष्ठतायादी आपल्या गतीने चालते.

मात्र कामाची गोडी लागली म्हणून वेतनाविषयी संकोच बाळगणे मला सर्वस्वी गैर वाटते. थकलेली वेतनवाढ, न मिळालेला भत्ता यांसाठी वेळच्या वेळी लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. तसेच जेथे काही शिकण्याची मुभाच नाही, किंवा जेथे खोट्या कागदावर सही करण्याचा आग्रह धरला जातो, ती जागा सोडण्याची तयारी आजपासूनच करावी.

जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात बदली झाली, ही शिक्षाच समजून खचलेल्या एका वाचकाचे पत्र समोर आहे. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, जुने मराठी दस्तऐवज जिच्यात लिहिलेले असतात ती मोडी लिपी त्यांनी तत्काळ शिकावयास आरंभ करावा. मराठा आरक्षणाच्या निमित्ताने जुन्या कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड साऱ्या महाराष्ट्राला जाणवली. आणि जमिनीच्या व जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी हेलपाटे घालणारी माणसे तर अशा कक्षाच्या दाराशी नित्यच उभी असतात. सहा महिने नेटाने सराव केला, तर साधे दस्तऐवज वाचता येऊ लागतील. बदली रद्द करण्याचा अर्ज तोवर राखून ठेवावा.

— कार्यार्थी