बायोडाटा कसला दाखवतोस, बुश दाखव!

आमच्या ऑफिसात सध्या भरती चालू आहे. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी एचआरवाल्या बाई माझ्या मेलबॉक्समध्ये रेझ्युमेंचा गठ्ठा टाकतात आणि "सोमवारपर्यंत यातली पाचसहा नावं द्या" म्हणतात. मग शनिवारी सकाळी पोहे खाऊन झाले की मी ते वाचायला बसतो. दहाव्या रेझ्युमेपर्यंत पोचेस्तोवर पहिला कोणाचा होता ते विसरलेलो असतो. सगळे हार्डवर्किंग. सगळे टीम प्लेअर. सगळ्यांना एखाद्या डायनॅमिक ऑर्गनायझेशनमध्ये ग्रो व्हायचंय. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि स्पेलिंगच्या चुकासुद्धा गेल्या. पूर्वी निदान चुका तरी ज्याच्या त्याच्या असायच्या!

मंडळी, ही पोरं मठ्ठ नाहीत. त्यांना कोणीतरी असं लिहायला शिकवलंय. कॉलेजात येऊन दोन तासांत 'पर्सनॅलिटी' घडवणारे ट्रेनर, यूट्यूबवरचे करिअर गुरू, आणि प्रत्येक खानदानात असतो तो 'आयटीतला दादा'. या तिघांनी मिळून पोरांची वाट लावली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्याबद्दल मी जरा जास्त खात्रीने बोलू शकतो, कारण तो मीच आहे.

झालं असं. माझा धाकटा मामेभाऊ मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसला होता. गाव पन्हाळा तालुक्यात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मशीन शॉपला माणसं पाहिजेत असं कळलं. ज्यांना शिरोली माहीत नाही त्यांच्यासाठी : कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याकडे निघालात की लागते ती पुलाची शिरोली, आणि तिथलीच ही एमआयडीसी. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पंपांचे लोखंडी भाग ओतायचे आणि मशिनवर घासून पाठवायचे, हे तिथलं मुख्य काम.

मामीचा फोन आला, "तू एवढा पुण्यात मोठ्या कंपनीत. जरा त्याचा बायोडाटा बघून दे की."

बघितला. कार्बन कॉपी काढल्यासारखा साधा, दीड पानाचा. त्यात शेवटी एक ओळ होती : 'मामाच्या गुऱ्हाळावर चरकाचा बुश सारखा जात होता, तो दुरुस्त केला.' मी हसलो. ती ओळ काढून टाकली. गुऱ्हाळ काय लिहितोस लेका, गावठी दिसतं! त्या जागी 'लीन मॅन्युफॅक्चरिंग', 'सिक्स सिग्मा' आणि 'प्रोसेस ऑप्टिमायझेशन' घातलं. फॉन्ट बदलला. डाव्या बाजूला निळी पट्टी मारली. काय सुंदर दिसत होता म्हणून सांगू!

इंटरव्ह्यूला वर्क्स मॅनेजर होते. तीस वर्षं वाळूत आणि वितळलेल्या लोखंडात काढलेला माणूस. त्यांनी निळ्या पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. "सिक्स सिग्मा म्हणजे काय रे?" एवढंच विचारलं. भाऊ गप्प. मग त्यांनी टेबलावरचं एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग त्याच्या हातात दिलं. त्यावर बारीक बारीक भोकं होती. "हे कशानं झालं, सांग बघू."

आता डिप्लोमाच्या पोराला हे सांगता यायला हवं. वाळूत ओल जास्त असेल, वायूला बाहेर पडायला वाट नसेल, कोअर नीट भाजला नसेल, धातू थंड पडला असेल. चारातलं एक जरी सांगितलं असतं तरी बोलणं पुढं सरकलं असतं. पण खोटं पकडलं गेलं की खरं येत असलेलंही आठवत नाही. पाच मिनिटांत बाहेर! संध्याकाळी मला फोनवर म्हणाला, "दादा, ते बुशाचं असतं तर मी अर्धा तास बोललो असतो."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खरंच सांगतो.

नंतर मी त्याला त्या बुशाबद्दल नीट विचारलं. (आधी विचारायला काय झालं होतं? असो.) तर उसाच्या चरकाच्या रोलरचा गनमेटलचा बुश एका हंगामात दोनदा बदलावा लागायचा. सगळे म्हणायचे, मटेरियल हलकं आहे. याने जुना बुश काढून व्हर्निअर लावला. झीज सगळीकडे सारखी नव्हती, एकाच बाजूला होती. आणि तेलाचं भोक नेमकं त्याच बाजूला, जिथे सगळा दाब येतो! तेल आत शिरणार कसं? याने कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका लेथवाल्याकडे नवा बुश करून घेतला, भोक उलट्या बाजूला पाडलं, आणि उसाचा रस व चिपाडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून जुन्या ट्यूबचं रबर कापून कडं बसवलं. पुढचा अख्खा हंगाम एका बुशावर निघाला.

सांगा मला, 'प्रोसेस ऑप्टिमायझेशन' ते आणखी काय असतं? पोरानं खरं काम केलं होतं. मी ते खोडून त्याचं फक्त नाव लिहिलं!

माझं म्हणणं एवढंच आहे. उठून दिसायचा सल्ला देणारे सगळे तुम्हाला *दिसायला* शिकवतात. टाय, टेम्प्लेट, हस्तांदोलन, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं पाठांतर. पण सगळेच तसे दिसायला लागले की त्याची किंमत शून्य होते. आता तर फुकटचं यंत्र चकचकीत इंग्रजी लिहून देतं. ज्याची नक्कल यंत्राला करता येत नाही अशी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे : तुम्ही स्वतः पूर्ण केलेलं एक काम आणि त्यातले बारकावे. भोक कुठल्या बाजूला होतं, हे ज्याने बुश हातात धरलाय त्यालाच माहीत असतं.

कोल्हापूरला हे नव्याने सांगायची गरज पडावी याचंच वाईट वाटतं. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. त्यांचा सिनेमाचा डिप्लोमा कुठला होता? पुढे मोठे झालेले व्ही. शांताराम त्याच कंपनीत पडेल ती कामं करत शिकले, आणि १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर या तिथल्याच मंडळींबरोबर त्यांनी कोल्हापुरात प्रभात उभी केली. वस्तू दाखव, मग बोलू, ही या मातीतली जुनी पद्धत आहे.

आता कोणीतरी म्हणणारच, "हे सगळं ठीक आहे हो, पण नोकरी वशिल्याने लागते." मान्य, ओळख लागते. मी नाही म्हणणार नाही. पण वशिला आणि शिफारस यांत फरक आहे. वशिला म्हणजे 'आमचा पोरगा आहे, घ्या.' शिफारस म्हणजे 'याचं काम मी बघितलंय.' पहिली जन्मावर अवलंबून असते, दुसरी कमावता येते. त्या उद्यमनगरच्या लेथवाल्याने भावाला दोन वर्कशॉपची नावं सांगितली आणि "माझं नाव सांग" म्हणाला. तो आमचा कोण लागतो? कोणी नाही. फक्त पोरगा भोकाची जागा दाखवत उभा होता, तेव्हा तो समोर होता.

तर भावाने काय केलं ते सांगतो. निळ्या पट्टीचा बायोडाटा फाडला. एका पानावर, साध्या भाषेत, चार ओळींत बुशाची हकिकत लिहिली : आधी काय होतं, काय मोजलं, काय बदललं, मग काय झालं. पिशवीत जुना झिजलेला बुश घेतला आणि शिरोलीत गेटागेटाने हिंडला. दोन ठिकाणी वॉचमननेच परत पाठवलं. तिसरं युनिट छोटं होतं. मालक स्वतः गेटापाशी कोणाशी तरी बोलत उभे. यानं पिशवीतून बुश काढला. "हे काय आणलंयस?" म्हणून त्यांनी विचारलं, आणि पुढची वीस मिनिटं दोघं बुशावरच बोलत होते. शेवटी, "सहा महिने ट्रेनी म्हणून बघू. तिसरी पाळी करशील न्हवं?"

पगार थोडा होता. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण आज तो तिथे क्वालिटीला आहे आणि रिजेक्ट कास्टिंग हातात घेऊन दुसऱ्यांना विचारतो, हे कशानं झालं?

यातून मी जे शिकलो ते आता सगळ्यांना सांगत सुटलोय. तुम्हालाही सांगतो :

१. ज्यावर दहा मिनिटं बोलता येत नाही तो शब्द रेझ्युमेत लिहायचा नाही. 'जावा' लिहिलंत तर मी जावाच विचारणार.

२. एक काम निवडा आणि आकड्यानिशी लिहा. 'हंगामाला दोन बुश लागायचे, आता एक लागतो.' सॉफ्टवेअरवाल्यांनी चालणारा प्रोग्रॅम दाखवावा, नुसता कोर्सचा दाखला नाही.

३. जिथे जाताय तिथे काय बनतं ते आधी शोधा. शिरोलीत असाल तर पाळी सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहा. वेबसाइटवर नसलेलं सगळं तिथे कळतं.

४. समोरच्याला खरी काळजी कसली आहे ते ओळखा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. तिथला माणूस 'राहायला कुठे?' विचारतो ते उगाच नाही. रात्रपाळी, येणंजाणं, टिकणार का, यांची खरी उत्तरं तयार ठेवा.

५. उत्तर आलं नाही तर 'माहीत नाही' म्हणा, घरी जाऊन शोधा आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींत कळवा. मी इतकी वर्षं इंटरव्ह्यू घेतोय, असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. ते सगळे लक्षात आहेत.

६. अनुभव नाही म्हणून रडू नका, आणि खोटा अनुभव तर विकत घेऊच नका. २०१४ पासून पीएफला यूएएन नंबर आहे. तुम्ही कुठे, कधी होतात हे त्यात दिसतं आणि आमच्यासारख्या कंपन्या ते बघतात. त्यापेक्षा १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी करा. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा महिन्याचं विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरलं होतं. यात कोणी श्रीमंत होत नाही. पण रोज काय बिघडलं आणि कसं सुधारलं याची वही ठेवलीत, तर त्यातच तुमचा बुश सापडेल.

आणि आता दोन शब्द टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांना, म्हणजे आम्हालाच. फ्रेशर पाहिजे म्हणून जाहिरात देऊन खाली 'दोन वर्षांचा अनुभव' लिहिणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. आपण इंग्रजी ऐकतो आणि त्याला हुशारी समजतो. त्या वर्क्स मॅनेजरनी कास्टिंग हातात दिलं तो प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. आम्ही मात्र अजून 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?' विचारतो. अरे, पाच वर्षांनी आपली कंपनी कुठे असेल ते आपल्याला तरी माहीत आहे का?

असो. सोमवारची यादी अजून व्हायची आहे. पहिलं नाव मात्र ठरलं. इचलकरंजीची एक मुलगी आहे. काकांच्या यंत्रमाग कारखान्यात मीटरवर मजुरी काढायला तिने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिलाय. लाईट गेली की आकडे उडायचे, ते कसं थांबवलं हे पाच ओळींत लिहिलंय. इंग्रजीत सात चुका आहेत. मी मोजल्या, आणि एकही दुरुस्त न करता रेझ्युमे पुढे पाठवतोय.

ता.क. : नोकरी लावतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर तिथून सरळ उठा. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याला द्यावे लागत नाहीत.