पाहुण्या डॉक्टरांनी आधी काय शिकावे?

मे महिन्याच्या सुटीत आणि गणपतीच्या आगेमागे आपल्या देवगड तालुक्यात मोफत आरोग्य शिबिरे भरू लागली, की मला आनंद होतो. मुंबई-पुण्याचे डॉक्टर पदरमोड करून येतात आणि शाळेच्या तापलेल्या वर्गात बसून दिवसभर रुग्ण तपासतात. त्यांच्या सेवाभावाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण संध्याकाळी चहा घेताना यातले कोणी ना कोणी हमखास म्हणते, "तुमचे लोक नीट काही सांगतच नाहीत हो!" गेली तीस वर्षे मी इथे दवाखाना चालवतो. माझे मत असे, की लोक सांगतात. ऐकणाऱ्याला ते कळत नाही.

परमुलखात सेवेला गेलेल्या मराठी डॉक्टरांत पहिले नाव आठवते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनला 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. आपण स्वतः पारतंत्र्यात आणि गरिबीत असताना दुसऱ्या गरीब देशाला डॉक्टर पाठवले, ही गोष्ट आजच्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. चिनी लोकांनी या पाचही जणांच्या चिनी नावांना 'ह्वा' हे अक्षर जोडले. 'ह्वा' म्हणजे चीन. पाहुण्यांना आपलेसे करण्याची ही किती सुंदर रीत! कोटणीस झाले 'के दि-ह्वा'.

ज्वारीच्या मुलखात वाढलेला हा तरुण उत्तर चीनच्या राळे खाणाऱ्या डोंगराळ भागात जाऊन पडला. दुभाष्याला हाताशी धरून त्याचे काम भागले असते. कोटणीस मात्र चिनी बोलायला आणि लिहायला शिकले आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागले. 1941 साली डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंग-लान या चिनी परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले 'यिन-ह्वा', म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे तिथेच निधन झाले. त्यांच्या शस्त्रक्रियांचे कौतुक सगळेच करतात. मला जास्त मोल वाटते ते त्या भाषेच्या अभ्यासाचे.

आणि परमुलूख म्हणजे समुद्रापलीकडलाच असतो असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1986 साली गडचिरोलीत गेले. तिथल्या आदिवासींना त्यांनी विचारले, तुम्हाला दवाखाना कसा हवा? उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, ही तक्रार होती. आणि डॉक्टर-नर्सच्या पांढऱ्या कपड्यांचे काय? पांढरे कापड आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो, असे ते म्हणाले. आपण ज्याला स्वच्छतेची खूण समजतो, त्यात त्यांना कफन दिसत होते. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येऊ लागले आणि नाव दिले गेले ते दंतेश्वरी देवीचे.

आता आपल्याकडे या. शिबिरात रक्तदाब वाढलेला आढळला, की डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा. म्हातारी मान डोलावते, कारण ती वरून मीठ घेतच नाही. पण पावसाळ्यात मासेमारी बंद असताना घराघरांत खारा बांगडा आणि सुकट असते, ते कोणी विचारत नाही. दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाऱ्या मासळीच्या एका तुकड्यात त्यातले किती संपत असेल, वाचकहो, विचार करा.

मधुमेह्याला सांगतात, भात बंद, चपाती खा. गव्हानेही साखर वाढतेच. ज्या घरात सकाळी पेज आणि दुपारी भात, तिथे हा सल्ला चार दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा पेज-भात मोजून घ्या, ताटात मासे, भाजी, कुळथाची पिठी वाढवा, असे सांगितले तर ऐकतील.

कौलाचेही तसेच. ऑपरेशन ठरले, की घरची माणसे ग्रामदेवतेला कौल लावायला जातात. पाहुणे डॉक्टर हसतात आणि तिथेच रुग्ण तुटतो. हर्नियाच्या नियोजित ऑपरेशनला दोन दिवस थांबल्याने सहसा बिघडत नाही, थांबावे. मात्र साप चावला किंवा छातीत कळ आली, तर कौल आणि मांत्रिक दोन्ही बाजूला ठेवायचे, हे मी तोंडावर सांगतो. विषारी सापावर प्रतिविषाची लस हाच इलाज आहे. रीतीचा मान राखणे म्हणजे मुकाट्याने सगळे चालवून घेणे नव्हे. एकदा मान राखला, की हा कडकपणा लोक सहन करतात, असा माझा अनुभव आहे.

हा प्रश्न शिबिरापुरता नाही. एमबीबीएसनंतरच्या बंधपत्राच्या वर्षासाठी विदर्भ-मराठवाड्यातली मुले-मुली आपल्या आरोग्य केंद्रांत येतात. "माका बरा वाटना नाय" एवढ्यावर त्यांनी निदान कसे करायचे? शासनाने त्यांना रुजू होताच आठ दिवस आरोग्यसेविकेबरोबर वाडी-वाडीवर फिरवावे. औषधांची यादी त्यानंतर हाती द्यावी.

आणि येत्या मे महिन्यात शिबिर भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. मंडपाचा आणि हारतुऱ्यांचा खर्च थोडा कमी करा. प्रत्येक डॉक्टरच्या शेजारी गावातल्या आशाताईंसाठी एक खुर्ची ठेवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या संपल्यावर सोळाव्या दिवशी त्या कुठे मिळतील, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या.